प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग मुंबईकरांनी बाही वर केली

मुंबईत परळला टाटा, केईएम, वाडिया अशा हॉस्पिटलांच्या गर्दीत एक जुनी, ऐसपैस इमारत आहे. हाफकिन इन्स्टिट्यूट. पोलिओच्या थेंबांमुळे म्हणा, सर्पदंशावरच्या औषधामुळे म्हणा, हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. पण हा हाफकिन कोण, असं विचारलं तर अनेक जण कुणीतरी इंग्रज साहेब असेल असं सांगून मोकळे होतात.

तर हाफकिन इंग्रज नव्हते. डॉक्टरसुद्धा नव्हते. ते होते प्राणिशास्त्रज्ञ. जन्माने ज्यू, गाव काळ्या समुद्राच्या काठचं ओडेसा. त्यांनी कॉलरा आणि प्लेग या दोन रोगांवर लस तयार केली. पण त्यांच्यासमोरचं खरं संकट लस बनवण्याचं नव्हतं. ती लस घ्यायला लोकांना तयार कसं करायचं, हे होतं.

धडधाकट माणसाने आपल्या अंगात रोगाचे जंतू टोचून का घ्यावेत? तेही ज्या सरकारवर काडीचा विश्वास नाही त्या सरकारच्या माणसाकडून? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात हाफकिन यांचं अर्धं आयुष्य गेलं.

गोष्ट सुरू होते 15 मार्च 1860 ला. याच दिवशी वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होतं. तिथल्या विद्यापीठात त्यांना शिकवायला एली मेचनिकॉफ यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञ मिळाला, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. पोरगा हुशार होता, पण गप्प बसणारा नव्हता. झारच्या विरोधातल्या चळवळीत पडला. 1881 मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले सुरू झाले तेव्हा आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिन होते. त्यात जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकॉफ यांनी शब्द टाकला म्हणून सुटले.

शिक्षण झालं, पण ज्यू असल्यामुळे विद्यापीठात वरची जागा मिळेना. धर्म बदलला तर मार्ग मोकळा होता. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. 1888 मध्ये ते जिनिव्हाला गेले, तिथून वर्षभरात पॅरिसला. लुई पाश्चर यांच्या संस्थेत काम करायचं होतं, पण रिकामी जागा होती ती ग्रंथालयात. त्यांनी तीही घेतली. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतूंशी झटापट करायची, असा दिनक्रम सुरू झाला.

पहिली सुई स्वतःला

त्या काळात कॉलरा म्हणजे जगाची झोप उडवणारा रोग. आपल्याकडे त्याला पटकी किंवा महामारी म्हणायचे. सकाळी चालताबोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत संपायचा. हाफकिन यांनी यावर लस तयार केली, सशांवर आणि गिनिपिगवर तपासली. आता माणसावर तपासायची होती.

18 जुलै 1892 ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागी दुखलं आणि काही दिवसांत सगळं ठीक झालं. मग त्यांच्या काही मित्रांनीही ती घेतली.

पण पॅरिसच्या खोलीत बसून लस किती चालते हे कळणार नव्हतं. जिथे कॉलरा आहे तिथे जायला हवं होतं. लॉर्ड डफरीन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिशांचे राजदूत होते आणि त्याआधी भारताचे व्हाईसरॉय. त्यांनी हाफकिन यांना भारताचा रस्ता दाखवला. मार्च 1893 मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले.

इथे त्यांचं स्वागत करायला कुणी उभं नव्हतं. ब्रिटिश डॉक्टरांच्या लेखी हा माणूस रशियन, ज्यू आणि वर डॉक्टरकीची पदवी नसलेला. लोकांच्या लेखी तो एक गोरा साहेब, जो अंगात काहीतरी टोचतो. दोन्हीकडून संशय. त्यात या लसीच्या दोन सुया काही दिवसांच्या अंतराने घ्याव्या लागायच्या. पहिली सुई घेतलेला माणूस दुसरीसाठी पुन्हा गाठायचा, हे वेगळंच काम.

कलकत्त्याच्या वस्तीत काय घडलं

मार्च 1894 मध्ये कलकत्त्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी हाफकिन यांना एका वस्तीत बोलावलं. वस्तीचं नाव काठालबागान, म्हणजे फणसाची बाग. नाव छान, पण वस्ती दाटीवाटीची आणि गरिबांची. तिथल्या तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू आहेत का, हे हाफकिन यांनी तपासायचं होतं.

त्याच सुमारास वस्तीत कॉलऱ्याने मृत्यू झाले होते. हाफकिन यांनी एक गोष्ट हेरली. इथे सगळे लोक एकाच तळ्याचं पाणी पितात, एकाच प्रकारच्या घरांत राहतात. यातल्या काहींनी लस घेतली आणि काहींनी नाही घेतली, तर लसीचा गुण डोळ्यांनी दिसेल.

आधी लोकांनी नकारच दिला. हाफकिन यांच्यासोबत चौधरी, घोष, चटर्जी, दत्त असे बंगाली डॉक्टर होते. लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं काम ते करायचे. आणि हाफकिन स्वतःचा अंगरखा वर करून सर्वांसमोर सुई टोचून घ्यायचे. जे औषध मी तुम्हाला देतोय ते आधी माझ्या अंगात जातंय, हे त्यांना भाषणातून सांगावं लागत नव्हतं. लोक बघत होते.

वस्तीतल्या सुमारे 200 लोकांपैकी 116 जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत कॉलऱ्याचे आणखी 10 रुग्ण निघाले, त्यातले 7 दगावले. हे दहाच्या दहा जण लस न घेतलेल्यांपैकी होते.

ही बातमी वस्त्यावस्त्यांत पोचायला वर्तमानपत्राची गरज पडली नाही. पुढे हाफकिन यांचं पथक उजाडायच्या आत वस्तीत जाऊन बसायचं, कारण नंतर माणसं कामाला निघून जायची. संध्याकाळी ती परतली की तेलाच्या दिव्यात पुन्हा काम सुरू. माणसाने आपला रोज बुडवून लस घ्यायला यावं अशी अपेक्षा ठेवण्याऐवजी लसच त्याच्या वेळेला त्याच्या दारात जात होती.

पुढे आसामच्या चहाच्या मळ्यांतल्या मजुरांना त्यांनी लस दिली. या धावपळीत मलेरियाने गाठलं आणि 1895 मध्ये त्यांना उपचारासाठी परत जावं लागलं. वर्षभरात ते पुन्हा भारतात हजर होते.

मुंबईत प्लेग आणि दवाखान्याची धास्ती

सप्टेंबर 1896. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस नावाच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासलं आणि ओळखलं की हा साधा ताप नाही. हा प्लेग आहे. मराठी वर्तमानपत्रं त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणू लागली. काखेत, जांघेत गाठ यायची आणि काही दिवसांत माणूस जायचा. पाच-सहा महिन्यांत जवळपास निम्मं शहर गावाकडे पळालं.

सरकार घाबरलं आणि त्याने धाक दाखवायला सुरुवात केली. घरांची झडती, माणसांना ओढून दवाखान्यात नेणं, सामान जाळणं. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला, जो पुढे कोरोनाच्या काळात आपणही अनुभवला. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशी वदंता पसरली. ऑक्टोबर 1896 मध्येच गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता. तेच आजचं कस्तुरबा. पुण्यात रँडच्या कारभाराने लोक इतके पेटले की 22 जून 1897 ला चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. याच साथीत रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले गेल्या.

अशा वातावरणात हाफकिन यांना सरकारने मुंबईला बोलावलं. ऑक्टोबर 1896 मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या लवाजम्यावर जगातली पहिली प्लेगची लस बनवायची होती.

प्लेगचे जंतू मटणाच्या पाण्यात वाढवावे लागत. इथे हाफकिन यांनी एक विचार केला. गोमांस वापरलं तर हिंदू घेणार नाहीत, डुकराचं वापरलं तर मुसलमान घेणार नाहीत. म्हणून त्यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. त्या पाण्यावर चक्क आपल्या घरातलं तूप तरंगत ठेवलं. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंच्या माळा खाली लोंबायच्या आणि भरभर वाढायच्या. मग ते तापवून मारायचे आणि लस तयार. म्हणजे सुई टोचायच्या कितीतरी आधी, बाटलीत काय घालायचं हे ठरवतानाच, ती घेणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

तीन महिन्यांत लस तयार झाली. मदतनीस काम सोडून जात होते, हाफकिन मात्र दिवसरात्र तिथेच.

10 जानेवारी 1897

या दिवशी हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. लोकांना पुढे जेवढी द्यायचं ठरलं त्याच्या जवळपास चौपट. कॉलेजच्या डॉक्टरांनीच त्यांना सुई दिली. ताप चढला, टोचलेल्या जागी दुखत राहिलं, पण त्यांनी काम थांबवलं नाही.

ही गोष्ट कळल्यावर कॉलेजातले डॉक्टर, विद्यार्थी आणि शहरातले काही प्रतिष्ठित लोक पुढे आले. आपल्याला तपासणारा डॉक्टर स्वतः लस घेतोय, हे रुग्णाने पाहिलं की त्याची निम्मी भीती तिथेच जाते.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली गेली. काही जणांच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता. त्यांना लस घेतली त्याच दिवशी लक्षणं दिसली आणि ते वाचले नाहीत. आधीच लागण झालेल्याला लस वाचवू शकत नाही, ही तिची मर्यादा होती. त्यांना सोडून बाकीच्यांचा हिशोब पाहिला तर लस घेतलेले होते दीडशेच्या आसपास. त्यात 2 जणांना प्लेग झाला, मृत्यू एकही नाही. न घेतलेले होते पावणेदोनशेच्या आसपास. त्यात 12 जणांना झाला आणि 6 गेले.

आकडे चांगले होते. पण चाळीतल्या माणसाला आकडे सांगून काय उपयोग? त्याला आपल्यातलं कुणीतरी हवं होतं. ते काम केलं तेव्हा विशीतही नसलेल्या तिसऱ्या आगाखानांनी. त्यांनी आपल्या खोजा समाजासमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नाही, अनेकदा. समाजातल्या हजारो लोकांनी मग लस घेतली. माझगावमधली आपली इमारतसुद्धा त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली.

अफवा काही संपल्या नाहीत

लसीने माणूस नामर्द होतो, बायकांना मूल होत नाही, लसीत नको ते मांस घालतात. आज मोबाईलवर फिरणाऱ्या अफवा ऐकल्या की वाटतं सव्वाशे वर्षांत आपण फार काही नवीन शोधलेलं नाही. त्यात लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप यायचाच. हातावर पोट असलेल्याला दोन दिवसांची मजुरी बुडणं म्हणजे चूल न पेटणं. त्याच्या नकारामागे नुसतं अज्ञान नव्हतं, हिशोबही होता.

हाफकिन यांचा भर कायम स्वखुशीने लस घेण्यावर राहिला. जबरदस्तीने एका माणसाला टोचाल, पण त्याची आळी कायमची हातातून जाईल, हे त्यांनी ओळखलं होतं.

1898 मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात एक मोठी चाचणी झाली. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. घर तेच, जेवण तेच, फरक फक्त सुईचा. लस घेतलेल्या 71 जणांपैकी 8 जणांना प्लेग झाला आणि 3 दगावले. न घेतलेल्या 64 जणांपैकी 27 जणांना झाला आणि 26 दगावले. लस घेऊनही काही जण आजारी पडले, तिघे गेलेही. पण एकाच छपराखालच्या माणसांत इतका फरक दिसल्यावर लसीचा गुण झाकून राहणार नव्हता.

10 ऑगस्ट 1899 ला परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. पुढच्या काही वर्षांत इथून देशभर आणि परदेशातही लाखो मात्रा गेल्या.

एक बाटली आणि 19 मृत्यू

मग आलं 1902. पंजाबात प्लेगने थैमान घातलं होतं. सरकारला तिथे प्रचंड प्रमाणावर लस हवी होती. 30 ऑक्टोबरला मुल्कोवाल नावाच्या गावात 107 जणांना लस दिली गेली. त्यातल्या 19 जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. हे एकोणीसच्या एकोणीस जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते.

जी माणसं विश्वास ठेवून पुढे आली होती, तीच मेली. याहून वाईट काय घडू शकतं?

चौकशी बसली. जंतू बाटलीत गेले ते परळच्या प्रयोगशाळेतच, असा ठपका ठेवला गेला. हाफकिन यांनी लस लवकर तयार व्हावी म्हणून कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेने जंतू मारायची पद्धत घेतली होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ती आधीपासून वापरात होती, पण चौकशीत हा निष्काळजीपणा ठरला. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर केलं, बिनपगारी रजेवर पाठवलं. 1904 मध्ये ते भारत सोडून गेले.

चौकशीची कागदपत्रं लोकांसमोर यायला काही वर्षं गेली. ती वाचल्यावर एक बारीक गोष्ट शास्त्रज्ञांच्या लक्षात आली. मुल्कोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो जंतुनाशकात नुसता हलवून त्याच चिमट्याने बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय ते बाटलीत आधीपासून वाढत असते तर उघडताना दुर्गंधी यायला हवी होती. ती आली नव्हती.

मलेरियाचा डास शोधून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै 1907 मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांचं पत्र लंडनच्या द टाइम्समध्ये छापून आलं. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केलं.

तोवर पाच वर्षं गेली होती. हाफकिन परत आले, पण परळची खुर्ची त्यांना मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद मिळालं, मात्र माणसांवर नव्या लसींच्या चाचण्या करायची मोकळीक नव्हती. ज्याने वस्त्यांमध्ये बसून हजारो लोकांना लस दिली तो माणूस कागदावर संशोधन करत निवृत्तीच्या वयाला पोचला. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास त्यांनी भारत सोडला.

1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. 26 ऑक्टोबर 1930 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ते गेले. लग्न केलं नव्हतं. जवळची पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. 1964 मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

16 जानेवारी 2021 ला देशात कोरोनाची लस सुरू झाली, तेव्हा पहिल्या सुया डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय आणि सफाई कामगारांनी घेतल्या. अनेकांनी आपले फोटो टाकले, ओपीडीत येणाऱ्या रुग्णांना स्वतःचा अनुभव सांगितला. त्यानंतर कितीतरी घरांतल्या आजी-आजोबांनी लस घ्यायला होकार दिला.

भायखळ्याच्या त्या एका खोलीत सव्वाशे वर्षांपूर्वी हाफकिन यांनी नेमकं हेच केलं होतं. पुढच्या वेळी परळला गेलात तर त्या जुन्या इमारतीवरचं नाव नीट वाचा. ते एका अशा माणसाचं आहे, ज्याने लोकांचा दंड मागायच्या आधी स्वतःचा दंड पुढे केला.